'सपोज' : अंदाजापासून आदेशापर्यंत

समजा, पुण्याच्या हिंजवडीतील एखाद्या संगणक कंपनीत नव्यानेच रुजू झालेल्या तरुणाला परदेशातील वरिष्ठांकडून ई-मेल येतो. त्यात एक वाक्य असते, 'यू आर सपोज्ड टु सेंड द रिपोर्ट बाय फ्रायडे.' शाळेत 'सपोज' म्हणजे 'समजणे, कल्पना करणे' एवढेच पाठ केलेला हा तरुण वाक्याचा अर्थ लावतो, 'तुम्ही शुक्रवारपर्यंत अहवाल पाठवाल, असा आमचा अंदाज आहे.' अंदाजच तो! सोमवारी पाठवला तरी कोणाचे काय बिघडणार? शुक्रवार उलटतो आणि सोमवारी सकाळी अहवालाऐवजी खुलासा मागणारा दुसरा ई-मेल येऊन पडलेला असतो.

हा प्रसंग कल्पित असला तरी त्यामागची गफलत कल्पित नाही. ज्या वाक्याला तरुणाने अंदाज मानले, तो प्रत्यक्षात आदेश होता. फक्त सौम्य शब्दांत दिलेला. 'अहवाल शुक्रवारपर्यंत पाठवायचा आहे' हा त्याचा सरळ मराठी अर्थ. इंग्रजीतील 'सपोज' हे क्रियापद असे फसवे आहे. एका टोकाला ते मनातल्या मनात बांधलेला हवेतला तर्क असते, तर दुसऱ्या टोकाला पाळायलाच हवा असा नियम. या दोन टोकांमध्ये शंका, ऐकीव माहिती, नाइलाजाने दिलेली संमती, आर्जव आणि चक्क राग अशी कितीतरी ठिकाणे आहेत.

महाराष्ट्रातील मराठी शाळांमध्ये २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाऊ लागले. त्याआधीच्या पिढ्यांची इंग्रजीशी गाठ पाचवीत पडत असे. पिढी कोणतीही असो, शब्दापुढे एक मराठी प्रतिशब्द लिहून तो पाठ करण्याची आपली पद्धत मात्र फारशी बदलली नाही. 'सपोज'सारख्या शब्दाच्या बाबतीत हीच पद्धत दगा देते. आश्चर्य असे की, या क्रियापदाच्या जवळजवळ प्रत्येक छटेसाठी मराठीत अगदी नेमकी रचना तयार आहे. ती शब्दकोशात सापडत नाही, घरातल्या बोलण्यात सापडते.

खाली ठेवलेला शब्द

या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. 'सब' म्हणजे खाली आणि 'पोनेरे' म्हणजे ठेवणे. एखादी गोष्ट दुसऱ्या गोष्टीच्या खाली आधारासाठी ठेवणे, हा मूळ अर्थ. विचाराची इमारत उभी करण्यापूर्वी तिच्याखाली जो दगड ठेवायचा, तो म्हणजे 'सपोझिशन'. ग्रीक भाषेतील 'हायपोथिसिस' हा शब्दही 'खाली' आणि 'ठेवणे' अशाच दोन तुकड्यांचा बनला आहे. लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमध्ये आणि तेथून चौदाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला. वाटेत फ्रेंचमधील 'पोझे' या वेगळ्या क्रियापदाशी त्याची सरमिसळ झाली. प्रपोज, इम्पोज, एक्स्पोज, कम्पोज ही सगळी त्याच घराण्यातील भावंडे. शरीरात खालून ठेवावयाच्या औषधाला 'सपोझिटरी' म्हणतात, तेही याच कुळातले. पण त्या नातेवाइकाची चर्चा येथे नको.

मराठीने अंदाजासाठी वेगळे चित्र निवडले. 'गृहीत' म्हणजे घेतलेले, पकडलेले. हाताने धरण्याची ही कल्पना इंग्रजीतील 'अझ्यूम'च्या अधिक जवळची आहे, कारण त्या शब्दाच्या लॅटिन मुळाचा अर्थही 'घेणे' असाच आहे. त्यामुळे 'गृहीत धरणे' याला 'अझ्यूम' हा प्रतिशब्द जितका चपखल बसतो, तितका 'सपोज' बसत नाही. 'सपोज'साठी मराठीने 'समजणे' आणि 'मानणे' ही दोन क्रियापदे वापरली, आणि त्यातील पहिल्याची गंमत पाहण्यासारखी आहे.

'मला समजले' असे म्हटले की ज्ञान झाले. 'मी त्याला प्रामाणिक समजत होतो' असे म्हटले की ज्ञान नव्हे, केवळ समजूत. आणि तीही बहुधा चुकीची निघालेली. क्रियापद एकच, पण 'मला' लावले की खात्री आणि 'मी' लावले की अंदाज. इंग्रजीत या दोन गोष्टींसाठी 'अंडरस्टँड' आणि 'सपोज' असे दोन स्वतंत्र शब्द लागतात. वृत्तपत्रांच्या स्तंभांत दिसणारे 'असे समजते' हे या दोहोंच्या सीमेवर उभे असते. बातमीदाराला माहिती मिळालेली असते, पण तिची शंभर टक्के जबाबदारी घ्यायची नसते.

समजा, क्ष ही संख्या...

वाक्याच्या आरंभी येणारे 'सपोज' हे सर्वांत सोपे. 'सपोज इट रेन्स' म्हणजे 'समजा, पाऊस आला'. शहरी मराठीत तर आता 'सपोज तू नाही आलास तर' असे सर्रास ऐकू येते. येथे बोलणारा कोणताही दावा करीत नाही. ऐकणाऱ्याला फक्त घटकाभर एका कल्पनेच्या घरात नेतो.

या वापरात काळाची एक खुबी आहे. 'सपोज यू विन द लॉटरी' असे वर्तमानकाळात म्हटले, तर लॉटरी लागण्याची शक्यता बोलणाऱ्याला खरोखर वाटते. 'सपोज यू वन द लॉटरी' असे भूतकाळात म्हटले, तर शक्यता दूरची आहे, निव्वळ मनोराज्य आहे. भूतकाळाचे रूप येथे काळ दाखवीत नाही, अंतर दाखवते. मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये, कारण 'उद्या पाऊस आला तर' असे आपण रोज म्हणतो. उद्याच्या पावसाला 'आला' हे भूतकाळी रूप देताना कोणालाही अडखळायला होत नाही.

गणितात हे 'समजा' अत्यंत कामाचे ठरते. दोनचे वर्गमूळ अपरिमेय आहे हे सिद्ध करायचे असेल, तर आरंभ 'समजा, ते परिमेय आहे' असा उलटाच केला जातो. मग पायरीपायरीने जात अशा ठिकाणी पोहोचायचे की ते गृहीत स्वतःच कोसळते. खाली ठेवलेला दगड मुद्दाम काढून घेण्यासाठीच ठेवलेला असतो. बोलण्यात खोटे ठरलेले अनुमान लाजिरवाणे, पण येथे तेच सिद्धता होऊन बसते.

याहून वेगळे उदाहरण भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त आहे. ११५० साली लिहिल्या गेलेल्या या ग्रंथात 'इष्टकर्म' नावाची रीत दिली आहे. उत्तर माहीत नसेल तर मनाला येईल ती संख्या उत्तर आहे असे मानायचे, उदाहरणात सांगितलेल्या क्रिया तिच्यावर करायच्या आणि आलेल्या फळावरून खरे उत्तर काढायचे. एका संख्येत तिचा निम्मा भाग आणि तिसरा भाग मिळवला तर ३३ होतात, संख्या कोणती? समजा, ती ६ आहे. ६, ३ आणि २ मिळून ११ झाले. हवे होते ३३, म्हणजे तिप्पट. म्हणून संख्या ६ च्या तिप्पट, १८. पडताळा पाहायचा तर १८, ९ आणि ६ यांची बेरीज ३३ येते. चुकीचे आहे हे ठाऊक असलेले 'समजा' येथे बरोबर उत्तराची शिडी झाले. युरोपातही हीच रीत 'खोट्या गृहीताची रीत' अशा अर्थाच्या नावाने शतकानुशतके शिकवली जात होती.

तो घरी असावा

दुसरा अर्थ मताचा, अनुमानाचा. 'आय सपोज ही इज अ‍ॅट होम.' याचे भाषांतर शाळकरी विद्यार्थी 'मी समजतो की तो घरी आहे' असे करतो. मराठीत असे कोणी बोलत नाही. मराठी माणूस म्हणतो, 'तो घरी असावा' किंवा 'घरी असेल'. इंग्रजीला ज्यासाठी स्वतंत्र क्रियापद लागते, ते काम मराठी क्रियापदाच्या एका प्रत्ययात उरकते. 'असावा'मध्ये थोडा पुरावा आहे, म्हणजे दिवा दिसतो आहे, दाराशी चपला आहेत. 'असेल'मध्ये तेवढाही आधार असेलच असे नाही.

हेच वाक्य अमेरिकन माणूस बहुधा 'आय गेस' असे सुरू करील. ब्रिटिश मंडळी या 'गेस'कडे कधीकाळी नाक मुरडून अमेरिकन खूळ म्हणून पाहत. वस्तुतः चौदाव्या शतकातील इंग्रज कवी चॉसर यानेच तो शब्द या अर्थाने वापरलेला आहे. दोहोंत फरक असलाच तर एवढाच की, 'गेस'मध्ये नेम लागला तर लागला अशी बेफिकिरी असते, आणि 'सपोज'मध्ये थोडा विचार केल्याचा आव.

नकारार्थी वाक्यात नकार पुढे सरकतो. 'तो येणार नाही असे वाटते' यापेक्षा 'तो येईल असे वाटत नाही' ही रचना इंग्रजीला अधिक मानवते. 'आय डोन्ट सपोज ही विल कम.' मराठीतही दुसरी रचनाच अधिक सहज वाटते. मात्र याच नकाराचा एक वापर आपल्याला पूर्णतः अनोळखी आहे. 'आय डोन्ट सपोज यू कुड लेंड मी युअर पेन?' शब्दशः पाहिले तर 'तुम्ही मला पेन देऊ शकाल असे मला वाटत नाही' हा जवळजवळ अपमान झाला. प्रत्यक्षात ही अत्यंत नम्र विनंती आहे. समोरच्याला नाही म्हणणे सोपे जावे म्हणून नकाराची सोय बोलणाऱ्याने आधीच करून ठेवलेली असते. अशा वेळी 'नाही नाही, देतो की' असे घाईघाईने समजावू लागण्यापेक्षा खिशातून पेन काढून द्यावे.

आणखी एक खबरदारी. 'आय अ‍ॅम सपोझिंग' असे म्हणण्याचा मोह भारतीय बोलणाऱ्यांना होतो, कारण 'मी समजत आहे' असे म्हणता येते. मत व्यक्त करताना इंग्रजीत हे क्रियापद सहसा अपूर्ण काळात जात नाही. 'आय सपोज' एवढेच पुरते.

जायचे नसते

आता मूळ गफलतीकडे. 'बी सपोज्ड टु' या रचनेत 'सपोज'चा अंदाज कर्तव्यात कसा बदलला? वाट अवघड नाही. 'अमुक माणूस अमुक करील असे सर्वजण धरून चालतात' हा पहिला अर्थ. सर्वजण धरून चालतात, म्हणजेच तशी अपेक्षा आहे. अपेक्षा आहे, म्हणजे त्याने ते करायला हवे. लोकांचा अंदाज अशा रीतीने एकाच्या डोक्यावर जबाबदारी होऊन बसला.

ही रचना मराठीत आणण्यासाठी शब्दकोश उघडण्याची गरजच नाही. घरातील वडीलधारी माणसे ती लहानपणापासून वापरत आली आहेत. 'देवळात चपला घालून जायचे नसते.' 'मोठ्यांच्या मध्ये बोलायचे नसते.' 'जेवणाआधी हात धुवायचे असतात.' हे 'असते' आणि 'नसते' म्हणजेच 'सपोज्ड टु' आणि 'नॉट सपोज्ड टु'. कोणी नियम केला, केव्हा केला हे सांगितले जात नाही. तशी रीत आहे, एवढेच. इंग्रजी वाक्यातही नियम करणारा असाच अदृश्य असतो. सरकारी मराठीत त्याचे 'अपेक्षित आहे' असे रूप होते, आणि 'कर्मचाऱ्यांनी वेळेवर उपस्थित राहणे अपेक्षित आहे' हे परिपत्रक अंदाज व्यक्त करीत नाही, हे कोणत्याही कर्मचाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

'मस्ट' आणि 'सपोज्ड टु' यांत मात्र एक बारीक भेद आहे. 'मस्ट'मध्ये पळवाट नसते. 'सपोज्ड टु'मध्ये नियम असतो आणि नियम मोडला जातो याची कबुलीही असते. वाहनांनी झेब्रा पट्ट्यांच्या आधी थांबायचे असते, असे आपल्याकडील कोणत्याही चौकात उभे राहून म्हटले तर वाक्याच्या शेवटी एक न उच्चारलेले 'पण' ऐकू येते. औषधाच्या बाबतीत हे 'पण' महागात पडू शकते. डॉक्टरांनी 'यू आर नॉट सपोज्ड टु टेक धिस ऑन अ‍ॅन एम्प्टी स्टमक' असे सांगितले, तर तो 'गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही' असा स्पष्ट मज्जाव आहे. 'बहुधा घेत नाहीत' असा त्याचा अर्थ लावणे धोक्याचे.

भूतकाळात हीच रचना आणखी बोलकी होते. 'ही वॉज सपोज्ड टु कम यस्टर्डे' म्हणजे 'तो काल येणार होता'. दोन्ही भाषांत पुढचे सांगावे लागत नाही. आला नाही, हे 'येणार होता'मध्येच आले. म्हणूनच कार्यालयीन पत्रव्यवहारात 'यू वेअर सपोज्ड टु सेंड द फाइल' हे वाक्य जपून वापरावे. लिहिणाऱ्याला केवळ आठवण करून द्यायची असते, पण वाचणाऱ्याला त्यात 'तुम्ही पाठवणार होता ना? मग?' असा ठपका ऐकू येतो. वरिष्ठांना लिहिताना 'फाइलची वाट पाहत आहे' अशा अर्थाचे वाक्य बरे.

हीच रचना कधी ऐकीव माहितीसाठी येते. 'इट इज सपोज्ड टु बी अ गुड फिल्म.' चित्रपटाने चांगले असणे हे कर्तव्य आहे, असा याचा अर्थ नव्हे (तसे असते तर बरेच झाले असते). 'चित्रपट चांगला आहे म्हणे.' मराठीतील हे वाक्याच्या शेवटचे 'म्हणे' किती कामाचे आहे, हे भाषांतर करताना कळते. रागाचा सूर लागला की 'व्हॉट इज दॅट सपोज्ड टु मीन?' असा प्रश्न येतो, आणि त्यालाही मराठी जोड तयार आहे: 'याचा अर्थ काय समजायचा?' तर 'हाऊ अ‍ॅम आय सपोज्ड टु नो?' म्हणजे 'मला कसे कळणार?'

लेखनातील एक चूक येथे नोंदवायला हवी. बोलताना 'सपोज्ड टु'मधील दोन व्यंजने एकमेकांत मिसळतात आणि कानाला 'सपोस्टु' असे काहीतरी ऐकू येते. त्यामुळे लिहिताना शेवटचा 'डी' गळतो. ही चूक केवळ आपलीच नव्हे, इंग्रजी मातृभाषा असलेलेही ती करतात.

न्यायालयाच्या दारात

अंदाजाला सर्वांत मोठी प्रतिष्ठा कायद्याने दिली आहे. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी तयार केलेल्या १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात एखादी गोष्ट 'सिद्ध झाली' असे केव्हा म्हणावे, याची व्याख्या होती. न्यायालयाची तशी खात्री पटली तर प्रश्नच नाही. परंतु ती गोष्ट इतकी संभाव्य वाटली की, शहाण्या माणसाने ती आहे असे मानून वागावे, तरीही ती सिद्ध झाली असे धरले जाते. या 'मानून' साठी मूळ इंग्रजीत 'सपोझिशन' हाच शब्द आहे. माणसाच्या स्वातंत्र्याचा निर्णय करणारी 'सिद्ध' ही संकल्पना अखेर एका सुज्ञ 'समजा'वर उभी आहे, हे मुद्दाम लक्षात घेण्याजोगे. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने घेतली, पण ही व्याख्या नव्या कायद्यातही कायम राहिली.

याच कायद्यांत 'सपोज'चे भावंड 'प्रिझ्यूम' भेटते. त्याचा मूळ अर्थ 'आधीच घेणे'. न्यायालय काही गोष्टी 'गृहीत धरू शकते', तर काही 'गृहीत धरतेच'. दुसऱ्या प्रकारात विरुद्ध बाजूने ती खोडून काढेपर्यंत ती सिद्ध मानली जाते. चोरीनंतर लगेचच चोरीचा माल ज्याच्याकडे सापडला आणि ज्याला त्याचा खुलासा देता आला नाही, तो एक तर चोर आहे किंवा चोरीचा माल जाणूनबुजून घेणारा आहे, असे न्यायालय गृहीत धरू शकते. ज्यांना एखाद्या माणसाची बातमी एरवी कळली असती, त्यांना सात वर्षे त्याची काहीच खबर नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसा दावा करणाऱ्यावर येते. 'प्रिझ्यूम'च्या पाठीशी आधार असतो. 'सपोज'ला तो असला तर असला. 'अझ्यूम' या दोहोंहून वेगळे. तेथे पुरावा न पाहताच गोष्ट धरून चाललेले असते, आणि कार्यालयांतील निम्मे घोटाळे तेथेच होतात.

विशेषण म्हणून 'सपोज्ड' येते तेव्हा त्याचा उच्चार बहुधा 'सपोझिड' असा लांबतो आणि अर्थात संशय शिरतो. 'द सपोझिड एक्स्पर्ट' म्हणजे तज्ज्ञ म्हणवून घेणारा, मराठीतील 'तथाकथित'. येथे बोलणारा आपला अविश्वास लपवीत नाही. आरोपीविषयी लिहिताना वृत्तपत्रे 'सपोझिड' न म्हणता 'अलेज्ड', म्हणजे 'कथित' हा शब्द वापरतात तो यासाठीच. 'कथित'मध्ये कोणीतरी आरोप केला आहे एवढीच नोंद असते, 'तथाकथित'मध्ये लिहिणाऱ्याचा कुत्सित सूर.

'आय सपोज सो'

उरले ते छोटेसे उत्तर. 'मी तुमची गाडी आज नेऊ का?' या प्रश्नाला कोणी 'आय सपोज सो' असे म्हटले, तर तो होकारच आहे; पण मन मारून दिलेला. मराठीत त्यासाठी शब्द नाही, सूर आहे. 'हं... ने' यातील 'ने'च्या आधीचा तो थांबा म्हणजेच 'आय सपोज सो'. मुलाखतीत 'तुम्ही हे काम कराल का?' असे विचारले असता काही उमेदवार हे उत्तर 'होय, मला तसे वाटते' अशा उत्साही अर्थाने देतात. समोर बसलेल्यांना मात्र त्यात 'करीन, करावेच लागले तर' असे ऐकू येते. तेथे 'येस, आय विल' हे साधे उत्तर द्यावे. 'आय सपोज सो' शेजाऱ्याने गाडी मागितली की त्या वेळेसाठी राखून ठेवावे.